गोड गळ्याच्या मुलांचे काय करावे?

गावात एखाद्या पोराचा गळा गोड निघाला की ती बातमी पंचक्रोशीत पसरायला वेळ लागत नाही. आधी शाळेची प्रार्थना त्याच्याकडे येते. मग हरिनाम सप्ताहात बुवा त्याला पुढे बसवून एखादा अभंग म्हणायला लावतात. त्यानंतर गणपती, नवरात्र, पंधरा ऑगस्ट, कुणाचा सत्कार, कुणाचे लग्न, अशी बोलावणी सुरू होतात. पोरगा आठ-नऊ वर्षांचा असतो. भीड त्याला ठाऊक नसते, आणि स्वर तर असा नेमका लागतो की म्हातारी माणसे पदराने, धोतराच्या सोग्याने डोळे टिपतात. कुणी दहाची नोट हातावर ठेवतो, कुणी पन्नासाची. बाप कडेला उभा राहून नुसता ऐकत असतो. घरी आल्यावर आई मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकते.

तोच पोरगा तेराव्या-चौदाव्या वर्षी गप्प होतो. आवाज घोगरा येतो, वर जाता जात नाही, मधेच फाटतो. लोक म्हणतात दृष्ट लागली, कुणी म्हणते आइस्क्रीम खाल्ले, कुणी म्हणते देवाने दिले तसे नेले. ज्या बुवांनी पुढे बसवले होते तेच आता टाळ हातात देऊन त्याला मागच्या रांगेत धाडतात. पोर काही बोलत नाही. पण आपल्या हातून काहीतरी गुन्हा झाला असे त्याच्या तोंडावर दिसते.

आता तुम्ही म्हणाल, खतांच्या मात्रा आणि बीजप्रक्रिया सांगणाऱ्या माणसाने गाण्याच्या भानगडीत का पडावे? खरे आहे. मी गवई नव्हे. बी.एस्सी. अ‍ॅग्री झालो आणि पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून गावे पायाखाली घातली, एवढीच माझी पुंजी. पण शेतीच्या सभा रात्रीच्या असतात, सभेनंतर देवळात भजन असते, आणि गाण्याचा नाद मला लहानपणापासून. घरात एक जुनी पेटी आहे, सूर धरण्यापुरती ती वाजवतो. अशा गोड गळ्याची पोरे मी बरीच पाहिली आणि त्यांचे पुढे काय झाले तेही पाहिले. शिबिरात पिकाचे प्रश्न संपले की एखादा बाप बाजूला घेऊन विचारतो, “साहेब, पोराचा गळा चांगला आहे, काय करू?” त्या बापांसाठी हे लिहितो आहे.

आधी गळा म्हणजे काय ते पाहू. कंठमण्यावर बोट ठेवा आणि ‘आ’ म्हणा. बोटाला थरथर जाणवेल. त्या कुर्च्यांच्या डबीत, श्वासनलिकेच्या तोंडाशी, दोन नाजूक पडदे असतात. त्यांना स्वरतंतू म्हणतात. मोठ्या पुरुषात त्यांची लांबी साधारण १७ ते २५ मिलिमीटर, बाईमाणसात त्याहून कमी, आणि लहान मुलात त्याहूनही कमी. म्हणजे तुरीच्या दाण्याच्या दोन-तीनपट लांबीची ही चीज. फुप्फुसातली हवा वर येते, हे पडदे एकमेकांवर आपटतात आणि आवाज निघतो. काळी एक पट्टीत षड्ज लावून बसलेल्या पुरुषाचे स्वरतंतू दर सेकंदाला सुमारे १४० वेळा एकमेकांवर आपटतात. एक तास नुसता षड्ज लावला तर पाच लाख वेळा! मुलांच्या उंच पट्टीत हा आकडा आणखी चढतो.

आता स्वतःच्या तळहाताकडे पाहा. खुरपे, कुदळ, विळा रोज हातात असला की घट्टे पडतात. घर्षण जिथे जास्त, तिथली कातडी जाड होते. घशातही तेच होते. सतत ओरडून, ताणून गायल्याने स्वरतंतूंच्या कडेला, जिथे ते जोराने आपटतात नेमके तिथेच, घट्ट्यासारख्या बारीक गाठी येतात. मग पडदे नीट मिटत नाहीत, फटीतून हवा निसटते आणि आवाज घोगरा, हवाळ येतो. हातावरच्या घट्ट्याने काम अडत नाही, पण घशातला घट्टा गाणाऱ्याचा धंदाच बसवतो. अशा गाठी लहान मुलांत, त्यातही आरडाओरडा करणाऱ्या मुलग्यांत, पुष्कळ आढळतात. वेळीच विश्रांती दिली आणि आवाज लावायची सवय सुधारली तर बहुतेक वेळा शस्त्रक्रियेशिवाय त्या ओसरतात.

आता आवाज फुटण्याचे. मुलगा बारा ते पंधराच्या दरम्यान वयात येतो तेव्हा ही डबी झपाट्याने वाढते, कंठमणी पुढे येतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात. आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. ज्याने काल वरचा षड्ज लीलया लावला, त्याला आज तो सापडत नाही, कारण ज्या वाद्यावर तो वाजवीत होता ते वाद्यच बदलले आहे. हा आजार नव्हे, दृष्ट नव्हे, आइस्क्रीमचा दोष नव्हे. मिसरूड फुटते तसाच हा प्रकार. काहींचा आवाज सहा महिन्यांत स्थिरावतो, काहींचा दोन वर्षे घेतो. या काळात पोराला जुन्या उंच पट्टीत गायला लावणे हा मोठा अन्याय आहे, आणि आपल्या गावांतून तो सर्रास होतो. भजनाची पट्टी चढी असते, पेटीवाला ती उतरवायला तयार नसतो, आणि पोरगा गळ्याच्या शिरा ताणून ती गाठू पाहतो.

धारवाडजवळ कुंदगोळ नावाचे गाव आहे. काळ्या मातीचा, कापूस-ज्वारीचा तो मुलूख. १८८६ साली तिथे जन्मलेल्या रामभाऊ कुंदगोळकरांचा गळा लहानपणी फार गोड होता. आवाज फुटला आणि तो काहीसा जड, न वळणारा झाला. गुरू होते उस्ताद अब्दुल करीम खाँ, ज्यांचा स्वर म्हणजे मधाची धार. शिष्याच्या गळ्यातून तसा स्वर सहजासहजी निघेना. रामभाऊंनी रियाज सोडला नाही. पुढे मैफलीत त्यांचा आवाज सुरुवातीला थोडा बसका लागे, आणि तापत गेला की असा खुले की माणसे उठत नसत. हेच ते सवाई गंधर्व. १९५२ साली ते गेले. त्यांच्या नावाने पुण्यात १९५३ पासून संगीत महोत्सव होतो, तो ज्यांनी उभा केला ते भीमसेन जोशी त्यांचेच शिष्य. म्हणजे ज्या गळ्याला एखाद्या बुवाने चौदाव्या वर्षी मागच्या रांगेत धाडले असते, त्या गळ्याच्या शिकवणीतून पुढचे अर्धे शतक गाणे पिकले.

आंब्याच्या कलमाचे तुम्हाला नवे नाही. कलम लावल्यावर पहिली तीन-चार वर्षे त्याला मोहोर आला तर तो खुडून टाका, असे मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी निम्मे लोक ऐकत नाहीत. हात धजत नाही हो! एवढा सुरेख मोहोर, चार कैऱ्या तरी चाखू म्हणतात. चार कैऱ्या मिळतात आणि झाड खुरटते. मुलाच्या गळ्याला लहानपणी आलेला मोहोर असाच असतो. पण झाडाची उपमा मी इथेच सोडतो, कारण झाडाला कुणी टाळ्या वाजवत नाही. मुलाला टाळ्यांची चटक लागते, आणि त्याहून जास्त ती घरच्यांना लागते.

या बाबतीत कुमार गंधर्वांची हकीकत सविस्तर सांगावीशी वाटते.

बेळगावजवळच्या सुळेभावी गावात ८ एप्रिल १९२४ रोजी शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी हा मुलगा जन्मला. वडिलांना गाण्याचे वेड. एक दिवस हा चिमुरडा आपणहून गाऊ लागला, आणि काय गाऊ लागला तर त्या काळच्या थोर गवयांच्या ध्वनिमुद्रिका, जशाच्या तशा! तबकडीत जिथे दम घेतलेला तिथे दम, जिथे मुरकी तिथे मुरकी. एका मठाच्या स्वामींनी कौतुकाने त्याला ‘कुमार गंधर्व’ म्हटले आणि ते नाव कायमचे चिकटले. गावोगावी जलसे झाले. १९३६ साली मुंबईच्या जिना हॉलमध्ये संगीत परिषद भरली होती, तिथे बारा वर्षांच्या आतला हा मुलगा गायला आणि जाणत्या गवयांची सभा थक्क झाली.

आपल्याकडे कथा इथे संपते आणि पोराच्या गळ्यात हार घालून आपण घरी जातो. खरी गोष्ट पुढची. मुलगा प्रा. बी. आर. देवधरांकडे राहिला. देवधर हे विलक्षण शिक्षक. त्यांच्या संगीत विद्यालयात सगळ्या घराण्यांच्या गवयांची ये-जा. अंजनीबाई मालपेकरांचीही तालीम कुमारला मिळाली. तबकडीची हुबेहूब नक्कल करणे ही देणगी खरी, पण नक्कल किती दिवस पुरणार? हा राग असाच का, हा स्वर इथेच का, हे विचारायला तो मुंबईत शिकला. विशीत त्याच विद्यालयात तो शिकवू लागला. नाव झाले, बोलावणी आली, १९४७ साली भानुमती कंस यांच्याशी लग्न झाले. आणि त्याच सुमाराला खोकला सुरू झाला.

क्षय! त्या काळी हा शब्द घरात मोठ्याने उच्चारीत नसत. डॉक्टरांनी गाणे बंद करायला सांगितले. पुन्हा गाता येईल याची खात्री कुणी देईना. कोरडी हवा हवी म्हणून १९४८ च्या जानेवारीत हे जोडपे माळव्यात, देवासला गेले. चोविशीही न उलटलेला, देशभर नाव झालेला गवई अंथरुणाला खिळला. पाच वर्षांच्या आसपास गाणे बंद. भानुताईंनी शुश्रूषा केली, शाळेत नोकरी करून घर चालवले. ज्यांच्या घरात लांबचे आजारपण झाले आहे त्यांना यातले न लिहिलेलेही कळेल.

औषध आले ते कुठून, हे सांगायचा मोह मला आवरत नाही. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचे पहिले खरे गुणकारी औषध १९४३ साली अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये सापडले, आणि ते सापडले शेतीच्या संशोधन केंद्रात. वॅक्समन हे मातीतल्या सूक्ष्म जीवांचे अभ्यासक, शॅट्झ हा त्यांचा विद्यार्थी. भरपूर शेणखत घातलेल्या शेताच्या मातीतून आणि एका कोंबडीच्या घशातून त्यांनी तो जीव वेगळा केला. वॅक्समन यांना १९५२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हेच औषध डाळिंबाच्या तेल्यावर आपल्याकडे वर्षानुवर्षे फवारले गेले, म्हणून नाव ओळखीचे वाटेल. तर खत घातलेल्या मातीतून निघालेल्या त्या औषधाने, १९५२ च्या सुमारास, देवासच्या या अंथरुणावरच्या माणसाला उठवले. एक फुप्फुस मात्र जवळजवळ निकामी झाले होते.

१९५३ पासून कुमार पुन्हा गाऊ लागले. आता विचार करा. गवयाचे भांडवल श्वास, आणि तो अर्ध्यावर आलेला. लांबलचक तान एका दमात खेचणे, स्वर मिनिटभर ताणून धरणे, ज्यावर मैफली मारल्या जातात ते सगळे अवघड. त्यांनी गाणे छोट्या छोट्या तुकड्यांत आणले. एक तेजस्वी तुकडा, मग थांबा, मग दुसरा. त्या थांब्यालाही अर्थ आला. मंद, आतल्या आत बोलणारा स्वर आणि अचानक झेपावणारा स्वर असे दोन्ही त्यांच्या गाण्यात शेजारी नांदू लागले. ही गायकी केवळ फुप्फुसामुळे आली असे सगळेच जाणकार मानत नाहीत. विचार आधीपासूनच तिकडे वळला होता, असेही काही म्हणतात. मला दोन्ही पटते. विचार असल्याशिवाय अर्ध्या श्वासात एवढे गाणे मावले नसते.

अंथरुणावरची वर्षेही फुकट गेली नाहीत. देवासला भोवती खेडी. बायका दळताना, लग्नकार्यात, पावसाच्या तोंडावर जे गातात ते खिडकीतून कानावर येई. नाथपंथी भिक्षेकऱ्यांची निर्गुणी भजने येत. गाता येत नव्हते म्हणून ते ऐकत राहिले. पुढे त्यांनी माळव्याच्या लोकगीतांचा संग्रह केला, त्या धुनांतून काही नवे राग बांधले, ‘गीत वर्षा’, ‘गीत हेमंत’, ‘गीत वसंत’ असे ऋतूंवरचे कार्यक्रम केले, तुकोबांच्या अभंगांवर ‘तुकाराम दर्शन’ केले. १९६५ साली त्यांच्या बंदिशींचे ‘अनूपरागविलास’ हे पुस्तक निघाले. १९६१ साली भानुताई बाळंतपणात गेल्या, ते दुःखही त्यांनी सोसले. १९९० साली पद्मविभूषण मिळाले. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच ते गेले. म्हणजे गाणे बंद करा म्हटल्यावर, मध्ये पाच वर्षे सोडून, हा माणूस आणखी जवळजवळ चाळीस वर्षे गायला.

ही हकीकत सांगायचे कारण एवढेच, की बारा वर्षांच्या त्या मुलाजवळ गळ्याशिवाय दुसरे काही साठले नसते तर क्षयानंतर उरले काय असते? गळा अर्धा गेला तेव्हा कानात साठवलेले आणि डोक्यात मुरलेले कामी आले. आपल्या गावातल्या पोराला क्षय होईलच असे नाही, देव करो आणि न होवो. पण त्याचा आवाज फुटणार हे मात्र नक्की, आणि त्या दिवशी त्याच्याजवळ काय शिल्लक असेल हे आज आठव्या-नवव्या वर्षी ठरते आहे.

मुलींचे थोडे वेगळे. त्यांचा आवाज दोन-तीन स्वरांनीच उतरतो, त्यामुळे धक्का कळत नाही. पण गळ्याची खात्री त्यांनाही नाही. गंगूबाई हनगल यांचे नाव रेडिओ ऐकणाऱ्या जुन्या मंडळींना ठाऊक असेल. जन्म १९१३, धारवाड. वडील शेती करणारे, आई अंबाबाई कर्नाटक संगीतातल्या जाणत्या. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये शाळकरी गंगूबाईंनी गांधीजींसमोर स्वागतगीत म्हटले. ‘गांधारी हनगल’ या नावाने निघालेल्या त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका ऐकाल तर आवाज बारीक, मुलीसारखा. पुढे टॉन्सिल्सचा विकार झाला, शस्त्रक्रिया झाली, आणि आवाज असा खाली गेला, असा भरदार झाला की नवख्याला तो पुरुषाचाच वाटावा. दुसरी एखादी बाई लाजेने गाणे सोडून बसली असती. गंगूबाई हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे जात, शिकत, परत येत. त्याच भरदार आवाजात त्यांनी किराणा घराण्याचे गाणे जगभर नेले. २००२ साली पद्मविभूषण मिळाले, २००६ साली, नव्वदी उलटल्यावर, शेवटची मैफल झाली. २००९ साली त्या गेल्या.

मुलींच्या गळ्याला मोठा धोका आवाज फुटण्याचा नसतोच. तो लग्नाचा असतो. सोयरीक ठरवताना आपण जमीन किती, विहीर कुणाची, पोरगा पितो का, एवढे विचारतो. मुलगी गाते, ती पुढेही गाईल, हेही त्याच बैठकीत बोलून घ्यायला काय हरकत आहे? नंतर बोलायला गेले की सासर म्हणते, आधी सांगायला काय झाले होते!

आता शेतकऱ्याच्या घरातला गळा. शहरातल्या गवयाला जे ठाऊक नाही ते इथे आहे. ज्वारी निसवली की पोरांना माळ्यावर राखणीला पाठवतात आणि पोर सकाळपासून पाखरांवर हाका मारते. आठ दिवस अशी राखण झाली की गोड गळ्याची वाट लागते. त्याच्या हातात पत्र्याचा डबा आणि काठी द्या. गोफण द्या, पण हाक नको. मळणीच्या वेळी यंत्रापाशी, उसाचे पाचट पेटवले असेल तिथे आणि फवारणी चालू असलेल्या रानात त्याला उभे करू नका. खरे तर कुठल्याच मुलाला करू नका. चुलीचा धूर घरात कोंडत असेल तर त्याची अभ्यासाची आणि गाण्याची जागा ओट्यावर किंवा पडवीत करा. घरात कुणी बिडी ओढत असेल तर त्याने अंगणात जावे. मिश्री-तंबाखूची सवय वरच्या वर्गातल्या पोरांकडून लागते, तिकडे लक्ष असू द्या.

ज्येष्ठमध, खडीसाखर, कंकोळ यांनी घशाला बरे वाटते, जरूर द्यावे. पण गिळलेली वस्तू अन्ननलिकेतून जाते, स्वरतंतूंवरून जात नाही. जाऊ लागली तर ठसका लागतो! म्हणून ज्येष्ठमध चघळला म्हणजे आणखी दोन तास गायला हरकत नाही, हा समज खोटा. स्वरतंतूंना ओलावा मिळतो तो दिवसभर पोटात गेलेल्या पाण्यातून. रात्री उशिरा तिखट जेवून लगेच आडवे झाले तर पोटातले आंबट घशाशी येते आणि सकाळी आवाज धरतो. सप्ताहात नेमके हेच घडते, रात्री अकराला पंगत आणि पहाटे काकडा. आवाज बसला असेल तर कुजबुजत बोलायला लावू नका, त्यानेही ताण पडतो. सरळ गप्प बसू द्या. तीन आठवड्यांहून जास्त घोगरेपणा राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवावे. दुर्बिणीने स्वरतंतू दिसतात, पाच मिनिटांचे काम आहे. आणि खोकला दोन आठवडे हटला नाही, मग तो गाणाऱ्याचा असो की नांगर धरणाऱ्याचा, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्यावी. क्षयाची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. कुमारांना जे औषध मिळायला वर्षे लागली त्याहून चांगली औषधे आज आपल्या तालुक्यात मिळतात.

गुरुजी कसे शोधावे, असाही प्रश्न येतो. तालुक्याच्या गावी आता अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसवणारे शिक्षक भेटतात. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा पायऱ्या आहेत. परीक्षा द्याव्यात, शिस्त लागते. पण प्रमाणपत्राला गाणे समजू नये. शिक्षक पारखायचा तर त्याच्या भिंतीवरचे फोटो पाहू नका. पहिल्या दिवशी तो मुलाची पट्टी शोधतो की स्वतःच्या पट्टीत मुलाला ओढतो, एवढे पाहा. मंद्रातले स्वर सावकाश लावायला शिकवतो का, मुलाचे गाणे थांबवून त्याला ऐकायला बसवतो का, ते पाहा. आवाज फुटला तर काय करता, असे सरळ विचारा. काही गुरुजी त्या काळात गाणे पूर्ण बंद ठेवतात, काही खालच्या पट्टीत, हलक्या आवाजात, थोडा वेळ गाऊ देतात. मला दुसरी पद्धत बरी वाटते. त्यासोबत तबला किंवा पेटी शिकवावी, बंदिशी पाठ कराव्या, भरपूर ऐकावे. मोबाइलवर जुन्या गवयांचे गाणे आज फुकट मिळते. सुळेभावीच्या त्या मुलाला तबकड्यांसाठी दुसऱ्याच्या घरी जावे लागे की काय कोण जाणे, पण तुमच्या पोराला नक्कीच जावे लागणार नाही. त्या खोळंब्याच्या वर्षा-दोन वर्षांत घरात कुणी ‘पूर्वी किती छान गायचास’ एवढे वाक्य मात्र बोलू नये.

पोटापाण्याचेही बोलले पाहिजे. गाण्यावर घर चालवणारे थोडे. दूरचित्रवाणीच्या स्पर्धेत लहान पोर जिंकले म्हणून कुणी जमीन विकून मुंबईला बिऱ्हाड करू नये. शाळा सोडवू नये. संगीतशिक्षक, साथीदार, कीर्तनकार म्हणून पोट भरणारी माणसे आहेत, पण त्यांनीही आधी दहा-बारा वर्षे शिक्षणात घातलेली असतात. तेवढा काळ गावातली शेती पोराला धरून ठेवते, ही शेतकऱ्याच्या मुलाची जमेची बाजू. शिकवणीची फी सोयाबीनच्या पैशातून निघते, आणि पहाटे धारा काढायच्या वेळी गोठ्याच्या ओट्यावर बसून वीस मिनिटे खर्जात स्वर लावायला कुणाची परवानगी लागत नाही.

येत्या सप्ताहाचे बोलावणे आलेच तर पोराला पाठवा, घरात कोंडू नका. एक अभंग, त्याच्या पट्टीत, रात्रीच्या जेवणाआधी. पेटीवाल्याला पट्टी आदल्या दिवशीच सांगून ठेवा, आणि दुसऱ्या अभंगाची फर्माईश आली तर बापाने उठून, हात जोडून, पोराला घरी न्यावे.